एक्स्टेंट कितला ठेवू भो?

सर्व्हरच्या डिस्क एका ग्रुपमध्ये एकत्र करून त्यातून हवे तेवढे भाग पाडणारी व्यवस्था म्हणजे एलव्हीएम, आणि ती जागा ज्या सारख्या मापाच्या तुकड्यांनी वाटते तो तुकडा म्हणजे एक्स्टेंट. पीव्हीक्रिएट ही कमांड देऊन झालेली असते, डिस्क तयार असते, ग्रुप बनवणारी व्हीजीक्रिएट टाइप करायला घेतली की हात थांबतो आणि प्रश्न येतो, 'एक्स्टेंट कितला ठेवू भो?' जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना असो, धुळ्याची पतसंस्था असो की भुसावळचं कॉलेज, हा प्रश्न काही चुकत नाही. मग जितकी डोकी तितकी उत्तरं. एक म्हणतो ३२ एमबी, कारण त्याच्या गुरूनं ३२ सांगितलं होतं. दुसरा म्हणतो १ जीबी, डिस्क मोठी आहे ना! हिशेब लिहिणारे अण्णा मान वर न करता विचारतात, 'मोठा घेतला तर जास्त पैसे पडतील का?' माझ्या मते त्या खोलीतला त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न अण्णांचाच.

लिनक्स असेल तर काहीही न लिहिता एंटर मारावा. आपोआप ४ एमबीचा एक्स्टेंट मिळतो आणि तो चालतो. गुरूजींचे ३२ एमबी हवेतून आलेले नव्हते म्हणा. एलव्हीएमच्या पहिल्या आवृत्तीत एका लॉजिकल व्हॉल्यूममध्ये, म्हणजे ग्रुपमधून पाडलेल्या एका भागात, ६५,५३४ एक्स्टेंटच मावायचे. त्याला ४ एमबीनं गुणा, २५६ जीबीच्या जरा अलीकडेच गाडी थांबते. ३२ नं गुणा, २ टीबीपर्यंत जाते. दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. गुरूजी राहिले.

आता ४ टीबीच्या डिस्कवर ४ एमबीचे साडेनऊ लाख एक्स्टेंट होतात. आकडा ऐकून माणूस घाबरतो. एवढे सांभाळताना मशीन दमेल असं त्याला वाटतं. डेटा वाचण्या-लिहिण्याच्या वेगावर याचा काहीच परिणाम होत नाही. आकडा फारच फुगला तर एलव्हीएमच्या कमांडी जरा रेंगाळतात, इतकंच.

उलट मोठ्या एक्स्टेंटचा फटका रोख बसतो. एक्स्टेंट म्हणजे केळीची फणी समजा: माल फण्यांनीच मिळणार, अर्धी फणी कोणी तोडून देत नाही. १०० एमबी मागितले आणि एक्स्टेंट ४ चा असेल तर बरोबर २५ एक्स्टेंट मिळतात. ३२ चा असेल तर पदरात १२८ एमबी पडतात, आणि वर व्हॉल्यूम बनवणारं एलव्हीक्रिएट नम्रपणे कळवतं की आकार पुढच्या पूर्ण एक्स्टेंटला नेला आहे. १ जीबीवाल्या बहाद्दरांची गत आणखी मजेची. १० जीबीच्या डिस्कवर त्यांना दहा एक्स्टेंट मिळायला हवेत, मिळतात नऊ. सुरुवातीचा साधारण १ एमबी एलव्हीएम स्वतःच्या नोंदींसाठी ठेवतं, त्यामुळे दहावा पुरा भरत नाही. तो जीबी मग डिस्कची माहिती दाखवणाऱ्या पीव्हीडिस्प्लेमध्ये 'नॉट यूजेबल' असा शेरा मिरवत बसतो. ४ एमबीच्या हिशेबात हेच नुकसान ३ एमबीचं.

याच वेळी कोणीतरी हमखास विचारतं, 'मग १ केबीची फाइल ३२ एमबी खाणार का?' नाही खाणार. फाइल किती जागा घेते ते फाइल सिस्टिमचा ब्लॉक ठरवतो, तो बहुधा ४ केबीचा असतो. त्याचा एक्स्टेंटशी संबंध नाही.

ग्रुप बनला की त्याची माहिती दाखवणारं व्हीजीडिस्प्ले बघायचं, आणि तिथं लिहिलेलं असतं: मॅक्स एलव्ही ०, मॅक्स पीव्ही ०, म्हणजे जास्तीत जास्त लॉजिकल व्हॉल्यूम शून्य, डिस्क शून्य. नवा पोरगा पांढराफटक पडतो. सगळं करून शून्य? त्याला खुर्चीवर बसवून सांगावं लागतं की इथं शून्य म्हणजे मर्यादाच नाही.

खरा छळ अक्षरांचा आहे. व्हीजीक्रिएटमध्ये छोटा एस म्हणजे एक्स्टेंटचा आकार, एलव्हीक्रिएटमध्ये तोच एस म्हणजे स्नॅपशॉट, व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत. व्हीजीक्रिएटचा छोटा एल लॉजिकल व्हॉल्यूमची कमाल संख्या ठरवतो, एलव्हीक्रिएटचा छोटा एल एक्स्टेंट मोजतो आणि मोठा एल आकार. छोट्या एलपुढे १०० लिहिलं की १०० एक्स्टेंट, म्हणजे ४०० एमबी. मोठ्या एलपुढे नुसतं १०० लिहिलं की १०० एमबी. ज्याला १०० जीबी हवे होते, त्याच्या हाती दोन्हीकडून धुपाटणंच.

ज्यांच्याकडे अजून जुनं एचपी-यूएक्स, म्हणजे एचपीचं युनिक्स, धडधडतंय, त्यांनी मात्र वरचं सगळं विसरावं. तिथं मर्यादा खऱ्या आहेत आणि ग्रुप बनवतानाच ठरतात. काही सांगितलं नाही तर एक्स्टेंट ४ एमबी, डिस्क १६, लॉजिकल व्हॉल्यूम २५५ आणि दर डिस्कला १,०१६ एक्स्टेंट. म्हणजे ४,०६४ एमबी. पहिली डिस्क याहून मोठी असेल तर तो आकडा तिच्या मापानं वाढतो, पण तिच्यापुरताच. पुढं ९ जीबीच्या शेजारी ३६ जीबीची डिस्क आणली की मशीन तिचे ९ जीबी वापरतं आणि बाकीचे २७ नुसते फिरत राहतात. मग सगळेच आकडे कमाल का टाकू नयेत? कारण या सगळ्याचा तक्ता प्रत्येक डिस्कवर लिहिला जातो आणि तो एका एक्स्टेंटमध्ये मावला पाहिजे. नाही मावला तर व्हीजीक्रिएट सरळ नकार देतं: एक्स्टेंट वाढवा नाहीतर हाव कमी करा. म्हणून तिथं १६ किंवा ३२ एमबी घ्यावेत आणि पुढं येऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या डिस्कच्या हिशेबानं दर डिस्कचे एक्स्टेंट लिहावेत. आयबीएमच्या युनिक्सच्या, म्हणजे एआयएक्सच्या, जुन्या ग्रुपमध्येही दर डिस्कला तोच १,०१६ भेटतो. त्याला गुणणारा फॅक्टर २ केला की २,०३२ होतो, पण डिस्कची संख्या ३२ वरून १६ वर येते. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

लिनक्सवर ४ चे ३२ करायचेच असतील तर व्हीजीचेंजला छोटा एस देऊन नंतरही करता येतात. अट एवढीच की प्रत्येक व्हॉल्यूमचा प्रत्येक सलग तुकडा नव्या मापात तंतोतंत बसला पाहिजे. न बसणारे तुकडे एलव्हीरिसाइझनं वाढवायचे, पीव्हीमूव्हनं सरकवायचे. पीव्हीमूव्ह अर्ध्यावर असताना लाइट गेली, आणि मे महिन्यात ती जाणारच, तर कपाळाला हात लावू नका. लाइट आल्यावर नुसतं पीव्हीमूव्ह लिहून एंटर मारा, पुढं काही जोडू नका; शेवटच्या नोंदीपासून ते पुन्हा सरकायला लागतं.