‘चप्पल आणि वजडी सारखीच लागते’ या प्रतिक्रियेला उत्तर

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या झिगोंगजवळ रस्त्याकडेच्या टपरीवजा हॉटेलात खाल्लेल्या बीफ हॉटपॉटवर (मधे उकळत्या तिखट रश्श्याचं भांडं, त्यात सगळ्यांनी काड्यांनी मांसाचे काप शिजवून खायचे) मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: लाल तेलात बुडवल्यावर वजडी काय नि चप्पल काय, सगळं सारखंच लागतं; इतकं तिखट घालतात ते शिळं मांस खपवायलाच; आणि एका भांड्यात चौघांच्या काड्या म्हणजे निव्वळ उष्टं. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

झिगोंग हे मिठाचं गाव. जमिनीखालचं खारं पाणी उपसायला तिथे विहिरी खणल्या. त्यातली शेनहाई विहीर १८३५ साली १,००१ मीटरवर पोचली. पाणी ओढणाऱ्या रहाटांना बैल जुंपलेले असत. थकलेले बैल कापले जात आणि मांस गावातच खपे. राबलेल्या जनावराचं मांस चिवट असतं, शिळं नव्हे. म्हणून तिथला सगळा जोर सुरीवर. गोवऱ्यांच्या विस्तवाशी सुकवलेले कागदासारखे काप ही तिथली जुनी खासियत. हॉटपॉटसाठीही मांस तितक्याच काळजीने आडव्या धाग्यात चिरतात.

आता वजडी. तिथे तिला माओदू म्हणतात, पुस्तकाच्या पानांसारखे पदर असलेली. मालकीणबाईंनी माझ्या हातातल्या काड्या धरून दाखवलं: सात वेळा वर, आठ वेळा खाली, की काढायची. साधारण पंधरा सेकंद. कडा आक्रसतात, पदरावरचे बारीक दाणे ताठ होतात आणि दाताखाली कुरकुरतं. पुढचा तुकडा मी बोलण्याच्या नादात तसाच उकळू दिला, तो चावता चावेना. तुम्ही म्हणता ती चप्पल हीच असावी. दोष तेलाचा नाही, वेळेचा आहे. बाहेर काढलेला तुकडा लसूण-कोथिंबीर घातलेल्या तिळाच्या तेलात बुडवतात. चटका कमी होतो आणि मांसाची चव वर येते.

एक चूक मात्र माझी. मूळ लेखात मी त्यातल्या हुआजियाओ या मसाल्याला ‘मिरीसारखा’ म्हटलं, त्यामुळे सगळा प्रकार नुसता तिखट वाटला असेल. ती मिरी नव्हेच. ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच कुळीतलं. कोकणात-गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडतं, त्याची जिभेवरची मुंगी आठवा आणि ती पाचपट करा. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली ही थरथर मोजली, ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांची निघाली. मिरची जाळते, हे थरथरवतं. दोन्ही एकत्र आले की जीभ बधिर होते असं आपण म्हणतो, पण मला तर त्यानंतर साधा बटाट्याचा कापसुद्धा जास्त गोड लागला. आपल्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीत हे भावंड बहुतेक नसतंच; तिच्यावरून सिचुआनला जोखू नका, एवढी कळकळीची विनंती.

तेलाबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. गिऱ्हाइकांनी वापरलेलं तेल गाळून पुन्हा वापरायची रीत होती, आता तिथे कायद्याने बंदी आहे. आमच्यासमोर चरबीची सीलबंद लादी फोडून भांड्यात टाकली. तसं दिसलं नाही तर विचारावं, त्यात संकोच कसला?

उष्ट्याचं काय सांगू? ही जंतूंची गोष्ट नाही, उकळत्या रश्श्याचा दाखला देऊन ती मिटत नाही, हे मलाही कळतं. माझ्या आईला मी कधीच त्या भांड्याशी बसवलं नसतं. पण सिचुआनच्या राजधानीत, चेंगडूत, माओत्साय मिळतं: तेच मांस, तोच मसाला, हॉटेलवालाच शिजवून प्रत्येकाला वेगळ्या वाडग्यात देतो. गेलात तर ते मागवा. वजडी घातलीत तर लवकर काढायला सांगा. बैलाची चरबी नको असेल तर हॉटपॉटवाल्याकडे ‘चिंगयौ’ मागा, म्हणजे वनस्पती तेलातला रस्सा देतील. त्यात तिरफळाचं भावंड तितकंच असतं.