परदेशातून : पाडलेल्या भिंती परत बांधताना

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलीय आणि ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एका तटाला 'आधुनिक वर्ग' हवाय: मोठा टचपॅनल, रंगीत गोल टेबलं आणि दोन खोल्यांमधली भिंत पाडून एकच हॉल. दुसरा तट म्हणतो, आपण रांगेत बसूनच शिकलो, काय बिघडलं आपलं? गाव पारोळ्याजवळचं. मी राहते न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला. त्यामुळे 'तुमच्याकडे शाळा कशा असतात ते सांग' अशी फर्माईश दोन्हीकडून आली. सांगते, पण ते दोघांपैकी कुणाच्याच सोयीचं नाही.

२०११च्या भूकंपात हे शहर मोडलं. शाळा नव्याने उभ्या करायला सरकारने एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा काढला आणि नेमकी त्याच काळात इथल्या शिक्षण खात्याला मोकळ्या वर्गांची भुरळ पडली होती. चार भिंतींची खोली म्हणजे जुना जमाना, मुलांनी मोठ्या जागेत गटागटाने शिकावं, दोन-तीन शिक्षकांनी मिळून सगळ्यांकडे बघावं, असा विचार. कागदावर फार देखणा. आमच्या मुलीच्या शाळेतही असा हॉल होता. एका कोपऱ्यात गणित, दुसऱ्यात वाचन, मधे कुणीतरी रंगांचा डबा सांडलेला. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांना कानावर लावायला हेडफोन दिले जात. ऐकण्यासाठी शाळेत पाठवलेल्या मुलाचे कान झाकायचे, हे मला तेव्हाही अजब वाटलं होतं.

मग एकेका शाळेने आपापल्या पैशातून भिंती घालायला सुरुवात केली. शेवटी जुलै २०२५ मध्ये शिक्षणमंत्री एरिका स्टॅनफर्ड यांनी जाहीर करून टाकलं की यापुढे सरकार असे मोकळे वर्ग बांधणार नाही. खोल्याच बांधायच्या. हवं तेव्हा दोन खोल्या जोडता याव्यात म्हणून सरकते दरवाजे ठेवता येतील, म्हणजे पुन्हा बंदही करता येतील. गंमत अशी की अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकात हाच प्रयोग होऊन पुष्कळ ठिकाणी अशाच भिंती परत आल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा कुणी उघडून पाहिला नाही.

आणि आपण? मोकळा वर्ग खानदेशाने कधीच पाहिलाय, फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही. एका खोलीत चार इयत्ता, दोन गुरुजी. पहिली-दुसरीचे पाढे चाललेत आणि तिसरी-चौथीला कविता. १९८७च्या खडू-फळा मोहिमेचं उद्दिष्टच मुळी प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळे मिळावेत हे होतं. ती दुसरी खोली मिळायला गावोगावी किती हेलपाटे घातले गेले, ते आपल्या आधीच्या पिढीला विचारा. ती भिंत आता आपण वर्गणी काढून पाडणार!

आवाजाचा मुद्दा आपल्याकडे आणखी नाजूक आहे. आमच्या गावात पहिलीत येणारं पोर घरी अहिराणी बोलतं. तिकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, ते भिली किंवा पावरी बोलतं. पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी नवी असते. सवयीच्या भाषेत अर्धवट ऐकू आलेला शब्द आपण अंदाजाने पुरा करतो, नव्या भाषेत तो अंदाज चालत नाही. माझ्या मुलीचं इंग्रजीच्या बाबतीत पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. त्यामुळे हॉलमधल्या कलकलाटाची सगळ्यात मोठी किंमत हीच मुलं मोजतील. मराठी चांगली येणारा मागच्या टेबलावरचा सरपंचांचा नातू तरून जाईल.

पण रांगेवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. 'आपलं काय बिघडलं' हे विचारणारे ग्रुपवर आहेत, कारण त्यांचं बिघडलं नाही. ज्यांचं बिघडलं ते चौथीतून ऊसतोडीला गेले, ते ग्रुपवर नाहीत. इथल्या वर्गात मला खरोखर आवडलेल्या गोष्टी साध्याच आहेत: मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर पुस्तकं, बसायला सतरंजीसारखी मॅट, हात धुवायला वर्गातच नळ, थेट मैदानात उघडणारं दार. यातलं काही शिकायला न्यूझीलंडला यायची गरज नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांनी फरशीवर आखलेले खेळ आणि मुलांना स्वतः लिहिता येईल असे भिंतीखालचे फळे राज्यभर पोचवले. खर्च कशाचा, तर बहुतेक रंगाचा. पुढे काही ठिकाणी तो रंग मुलांसाठी कमी आणि केंद्रप्रमुखांच्या भेटीसाठी जास्त लागला, हे खरं. २०२५ मध्ये एका मल्याळम चित्रपटामुळे केरळात बाकं यू आकारात मांडायची टूम निघाली, पाठोपाठ तमिळनाडूत निघाली आणि लगेच मुलांच्या मानेचं काय, ही शंकाही निघाली. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असेल तर बाकं कशीही मांडा, जमतं. एकाच खोलीत दोन इयत्ता कोंबल्या असतील तर कुठल्याच आकारात जमत नाही.

आता ज्यावर ग्रुपमध्ये चकार शब्द निघालेला नाही ते बोलते. ऊन. जळगाव-भुसावळचा पारा ४५ पर्यंत जातो, आमच्याकडे काही वेगळं नाही. म्हणून तर उन्हाळ्यात सकाळची शाळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि पंखा तीच गरम हवा मुलांच्या डोक्यावर ढकलतो. पत्रा असेल तर बोलायलाच नको. जुन्या लोकांना हे कळत होतं. मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरं उगीच नव्हती. क्राइस्टचर्चचे वर्ग थंडीसाठी बांधलेले असतात: ऊन आत यावं म्हणून मोठाल्या काचा, ऊब टिकावी म्हणून कार्पेट. फोटो पाहून तसल्या काचा पारोळ्याला बसवल्या तर वर्गाची भट्टी होईल. आपल्याला हवंय छतावर दरवर्षी पांढऱ्या चुन्याचा जाड हात, पश्चिमेला छपराचा ओटा किंवा निदान ताटीची सावली, समोरासमोर खिडक्या आणि अंगणात कडुनिंब. दुपारी झापड आलेल्या मुलापुढे पॅनल असला काय आणि पाटी असली काय.

पॅनलचं म्हणाल तर शेजारच्या गावात एक आहे. त्याचं कसं चाललंय, असं मी तिथल्या वर्गमित्राला विचारलं. म्हणाला, "लाईटच नही शे ना ताई." बिल थकलं म्हणून जोडणी तोडलेली. पॅनल देणारे दाते भेटतात, त्याचा फोटो काढता येतो. महिन्याचं वीजबिल भरणारा दाता मला अजून भेटायचाय.

माझा हिस्सा मी पाठवलाय, चुन्यासाठी, ओट्यासाठी आणि वर्षभराच्या बिलासाठी. भिंत पाडायला त्यातला पैसा जाऊ नये, असं स्पष्ट लिहिलंय. बाकी कशाची गरज आहे ते शाळेतल्या दोन्ही मॅडमना विचारा, असंही लिहिलं होतं. त्यावर उत्तर आलं की मॅडम ग्रुपवर नाहीत. मग त्यांना आधी ग्रुपवर घ्या, कोटेशनं नंतर मागवा.