शिक्षकांचा भरवसा भाषणांनी वाढत नाही

जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात. मग एखाद्या शिक्षण परिषदेत कुणी वक्ता येतो आणि शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार आहे असं सांगून जातो. दुसऱ्या दिवशी चौथीत 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहिणारी मुलं तशीच समोर असतात आणि गुरुजींच्या मनातही तेच असतं: 'या पोट्ट्यांना काही केल्या हातचा समजत नाही.'

शिक्षक स्वतःकडे कसा पाहतो याचा त्याच्या कामावर परिणाम होतो, याबद्दल वाद नाही. पण 'मी चांगला शिक्षक आहे' ही ढोबळ भावना वर्गात फार कामी येत नाही. कामी येते ती नेमकी खात्री: या मुलाला ही गोष्ट मी शिकवू शकतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये अशी खात्री कुठून येते ते मांडलं. स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्याला करताना पाहणं, दुसऱ्याचे शब्द, आणि शरीर-मनाची अवस्था. यातलं पहिलं सगळ्यात जोरकस. आपली प्रशिक्षणं बहुतेक तिसऱ्यावरच भागवतात.

क्लासेन आणि त्झे या संशोधकांनी 2014 मध्ये 43 अभ्यास एकत्र तपासले. शिक्षकाची ही खात्री आणि निरीक्षकांनी पाहिलेलं अध्यापन यांचा सहसंबंध 0.28 आला. म्हणजे नातं आहे, पण मध्यम. शिवाय ते दोन्ही बाजूंनी चालतं, मुलं शिकली की शिक्षकाचा भरवसाही वाढतो. म्हणून सुरुवात वर्गातून करावी, असं माझं ठाम मत आहे.

ती अशी. हातच्याच्या वजाबाकीची फक्त पाच उदाहरणं द्या. वह्या तपासताना बरोबर-चूक मोजू नका, चुकीचा प्रकार बघा. 35 लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं, 7 मधून 2. त्याला वजाबाकी येते, दशक मोकळा करणं कळलेलं नाही. दुसऱ्या गटाला 52 म्हणजे पाच दशक आणि दोन एकक हेच ठाऊक नसतं. तिसऱ्याची रीत बरोबर असते, 12 वजा 7 मध्ये गडबड होते. तिन्ही गटांना फळ्यावर एकच उदाहरण पुन्हा पुन्हा सोडवून दाखवलं की तिघंही तिथंच राहतात, आणि शिक्षक समजतो की आपल्याला जमत नाही.

पहिला गट आधी घ्या. तुराटीचे बोटभर तुकडे करून दहा-दहाचे पाच गठ्ठे सुतळीनं बांधा, दोन तुकडे सुटे ठेवा. 27 काढायला सांगा. सुटे सात निघत नाहीत म्हटल्यावर मुलानं स्वतः एक गठ्ठा सोडला पाहिजे. तुम्ही सोडून दिलात तर सगळं वाया गेलं. आता सुटे 12, त्यातून 7 गेले, उरले 5. गठ्ठे चार, दोन गेले, उरले दोन. 25. काड्या हातात असतानाच वहीत मांडणी करून घ्या. तीच पाच उदाहरणं आकडे बदलून आठवड्यानं पुन्हा द्या आणि दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवा. शिक्षकाला स्वतःबद्दलचा पुरावा त्या दोन कागदांत मिळतो. मग दुसऱ्या गटाकडे वळा, तिथं वेळ जास्त लागणार हे धरूनच.

आदर्श पाठाचंही असंच. प्रोजेक्टर असलेल्या, वर्गागणिक शिक्षक असलेल्या शाळेतला पाठ दाखवला तर द्विशिक्षकी शाळेतल्या मॅडम म्हणतात, त्यांच्याकडे सोय आहे. त्यांचं चुकत नाही. दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाचाच पाठ त्यांना दाखवा, अडखळण्यासकट. आणि शाळांना भेटी देणाऱ्या केंद्रप्रमुखांनी भेटवहीत 'अध्यापन समाधानकारक' लिहून काय साधतं? त्यापेक्षा 'गठ्ठा मुलीच्या हातानं सोडवून घेतला, तिची चूक सुटली' एवढं लिहा.

मेळघाटात कोरकू किंवा यवतमाळच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी बोलणारं मूल गप्प बसतं, तेव्हा नवा शिक्षक दोनच निष्कर्ष काढतो: मूल मंद आहे, नाहीतर मी कमी पडतो. अडचण भाषेची असते. अंगणवाडी सेविकेकडून किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून रोजचे पन्नास शब्द लिहून घेतले, तर वर्ग बोलू लागायला मदत होते.

शीण हाही मोठा भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना लावू देतं. तरी भर अकरा वाजता व्हॉट्सॲपवर 'तात्काळ माहिती सादर करा' येतं, आणि गठ्ठे अर्धवट सोडून गुरुजी पोर्टल उघडतात. वर्षभर असं चाललं की माणूस स्वतःला कारकून समजू लागतो. निदान पहिले दोन तास असे संदेश पाठवू नयेत, एवढं पंचायत समितीला सहज करता येईल.

शिक्षकांकडून स्वमूल्यमापन जरूर भरून घ्या, पण ते वरिष्ठ लिहितात त्या गोपनीय अहवालाला जोडू नका. जोडलं की सगळे सगळीकडे पूर्ण गुण लिहितात. 'मी प्रभावी अध्यापन करतो' असा प्रश्नही नको. 'हातचा न समजणाऱ्या मुलाला तो समजावण्याच्या किती पद्धती मला येतात?' असं विचारा, आणि तो कागद शिक्षकाकडेच राहू द्या.