दवाखान्यात मेला म्हणून मारणारा सुटत नाही

सांगली-मिरजेकडं सध्या एक मेसेज लई फिरतोय, की मारामारीत जखमी झालेला माणूस ॲडमिट केल्यावर मेला तर खुनाचा गुन्हा लागतच नाही, जास्तीत जास्त 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न, बाकी सगळं डॉक्टरच्या अंगावर. कुणी लिहिलंय माहीत नाही पण लोक बिनधास्त पुढं ढकलतायत.

307 तर आता जुना नंबर झाला, 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता, खुनाचा प्रयत्न 109 आणि खुनाची शिक्षा 103. ते सोडा. खरी गोम उपचारांच्या मुद्द्यात आहे. "वेळेत उपचार मिळाले असते तर वाचला असता" हा बचाव कायद्यानं आधीच मोडीत काढलाय, न्याय संहितेच्या कलम 100 चं दुसरं स्पष्टीकरण बघा, जखमेमुळं माणूस मेला असेल तर चांगल्या उपचारानं तो वाचला असता तरी मृत्यू जखम करणाऱ्यानंच घडवला असं धरायचं, आयपीसीत म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत 299 खाली हेच होतं. म्हणजे जतहून पेशंट मिरजेला हलवताना वाटेतच दोन तास गेले म्हणून कोयता मारणारा सुटत नाही. आधीच आजारी होता म्हणावं तर ती वाट पहिल्या स्पष्टीकरणानं बंद केलीय. आता खून की सदोष मनुष्यवध ते मारणाऱ्याचा हेतू काय होता, त्याला काय कळत होतं आणि जखम किती जीवघेणी होती यावर ठरतं, जीव कुठल्या खाटेवर गेला यावर नाही.

मेसेजमधे सुप्रीम कोर्टाचा कुर्बान हुसेन रंगवाला निकालही चिकटवलाय. मुंबईतल्या रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार गेले आणि कारखाना चालवणारा 304अ मधून, म्हणजे हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्यातून सुटला, हे खरंय, पण अहो तो हलगर्जीपणाचा खटला, टर्पेंटाइन घाईनं ओतणारा माणूस दुसराच होता आणि कोर्टानं मृत्यूचं थेट कारण ते धरलं, शिवाय 285 खालचा, म्हणजे आगीबाबत निष्काळजीपणाचा दोष कायमच राहिला. तिथं कुणी कुणावर वार केला नव्हता.

एक मात्र मान्य, जखम आणि मृत्यू यांची साखळी पोलिसांना सिद्ध करावीच लागते. मोती सिंगच्या खटल्यात जखमी माणूस दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मेला, पोस्टमॉर्टेम न होताच अंत्यसंस्कार झाले, मग जखमेनंच मेला हे टिकलं नाही. इंग्लंडात 1956 च्या जॉर्डन खटल्यात तर भोसकल्याची जखम बरीचशी भरली होती आणि न सोसणारं औषध पुन्हा दिलं गेलं, म्हणून आरोपी सुटला, पण 1959 च्या स्मिथ खटल्यात जखमी सैनिकाला नेताना दोनदा खाली पाडलं, उपचारही चुकले, तरी संगिनीची जखमच भोवली म्हणून शिक्षा कायम.

डॉक्टरनं खरंच हलगर्जीपणा केला असेल तर त्याच्यावर न्याय संहितेच्या 106 खाली वेगळी केस होते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ती मारणाऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही.