कुत्र्याची ऊ पोरीच्या डोक्यात? छे!

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘भटक्या कुत्र्यामांजरांच्या उवा उड्या मारून मुलांच्या डोक्यात शिरतात. जनावरं हाकला, केसांना रॉकेल चोळा.’ सोबत एक फोटो, खाली अंगठ्यांची रांग.

आधी फोटो. त्यात रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड आहे. पाय मोजा, आठ भरतील. उवेला सहाच असतात. गोचीड नात्याने कोळ्याच्या जवळचा, ऊ कीटक. दोघांची गल्लत केली की पुढचं सगळंच चुकतं.

‘जनावरांच्या उवा मुलांना होतात.’ होत नाहीत. ऊ अख्खा जन्म यजमानाच्या, म्हणजे ज्या प्राण्यावर ती जगते त्याच्या, अंगावरच काढते आणि तिची नखी त्याच्याच केसांच्या जाडीला बेतलेली असते. म्हशीची ऊ वेगळी, शेळीची वेगळी. मांजराची तर रक्तही पीत नाही, कातडीचा कोंडा कुरतडते. अपवाद आहेत, त्यातला एक भलताच गमतीचा: उष्ण देशांत, आपल्याकडेही, कुत्र्यांवर सापडणारी हेटेरोडॉक्सस स्पिनिजर ही ऊ मुळात ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंच्या गोतावळ्यातली. तिकडे ती कुत्र्यांवर आली आणि त्यांच्याबरोबर जगभर हिंडली. एवढी फिरस्ती, पण माणसाच्या डोक्यात तिनेही संसार थाटलेला नाही.

मुलांच्या उवा मुलांकडूनच येतात. स्कूलबसमध्ये, बाकावर, मोबाइल बघताना डोक्याला डोकं लागतं, तेवढं पुरतं. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

उड्या? त्या पिसवा मारतात. उवेला पंखही नाहीत.

रॉकेलबद्दल एकच: ते पेट घेतं आणि कातडी भाजतं. त्यापेक्षा ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांची फणी फिरवा, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. लिखा साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही.

मेसेजला एका बाबतीत थोडं झुकतं माप देतो. कुत्र्याची पिसू किंवा ऊ चुकून पोटात गेली तर मुलाला पट्टकृमी (आतड्यातला चपटा जंत) होऊ शकतो. तेव्हा कुत्र्याशी खेळल्यावर हात धुवायला लावा आणि कुत्र्याला जंताचं औषध द्या. मात्र कुत्र्यासाठी आणलेलं परमेथ्रिन, म्हणजे पिसवा-गोचीड मारायचं औषध, उरलंय म्हणून मांजराला चोळू नका. मांजर त्याने दगावतं.