रो-हाऊस, रेरा आणि नोटरी साठेखत : एक खुलासा

कोल्हापूरजवळच्या कळंबा, पाचगाव, उजळाईवाडी या भागांत रो-हाऊस शोधणाऱ्यांमध्ये सध्या असे सांगितले जाते की, रेरा कायदा (बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणारा कायदा) फक्त फ्लॅटना लागू आहे आणि रो-हाऊससाठी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी साठेखत (नोटरीपुढे केलेला विक्रीचा करार) केले की मालकी मिळते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

२०१६ च्या रेरा कायद्यातील ‘अपार्टमेंट’च्या व्याख्येत, कोणत्याही नावाने ओळखले जाणारे स्वतंत्र राहते घर येते; त्यामुळे निव्वळ ‘रो-हाऊस’ म्हटल्याने प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटत नाही. सूट मिळते ती जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सर्व टप्पे धरून घरे आठपर्यंतच असतील तर. सात-आठ घरांची ओळ बांधण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली असल्याने गैरसमज बहुधा येथूनच पसरला असावा. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे.

साठेखताचा मुद्दा अधिक गंभीर आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार साठेखत हा केवळ पुढे विक्री करण्याचा करार असून, त्याने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. मालकी दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच मिळते. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’बाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. जुने रो-हाऊस मूळ मालकाकडून घेताना रेराचा प्रश्न सहसा येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत मात्र तेथेही लागतेच.