कोलन टाकल्याने कॅशचे झाड होत नाही

कॅशमधील, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या तात्पुरत्या साठ्यातील, माहिती झाडासारखी रचावी, म्हणजे वरची फांदी छाटली की खालचे सारे आपोआप जाते, शोध जलद होतो, आणि कॅशसाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिस या साठ्यात तर नोंदीच्या नावात कोलन (:) टाकले की झाड तयार, असा सल्ला प्रोग्रामरांमध्ये सर्रास दिला जातो. त्यातील शेवटचा दावा आधी घेतो, कारण सर्वाधिक घोळ त्यानेच होतो.

रेडिसच्या लेखी ‘दुकान:४२’ आणि ‘दुकान:४२:दर’ ही दोन स्वतंत्र नावे आहेत. कोलन हा निव्वळ आपल्या सोयीचा संकेत. पहिल्यावर ‘डेल’ ही नोंद पुसण्याची आज्ञा चालवली तर उत्तर १ येते, म्हणजे एकच नोंद पुसली गेली, आणि दुसरे नाव जुन्या दरासह जागच्या जागी राहते. रेडिसमधील नोंदी पाहण्याच्या रेडिस इनसाइट या साधनात दिसणारे फोल्डर त्या साधनाने कोलन पाहून मांडलेले असतात. मग ‘दुकान:४२:’ने सुरू होणारी सारी नावे शोधायला ‘कीज दुकान:४२:*’ चालवण्याचा मोह होतो. पण ती आज्ञा सगळा साठा धुंडाळते आणि तोवर इतर आज्ञा खोळंबतात. त्याच कामाची ‘स्कॅन’ ही आज्ञा टप्प्याटप्प्याने जाते, त्यामुळे कोणी अडून राहत नाही, परंतु एकूण पायपीट तेवढीच, कारण नमुन्याशी जुळवणी नोंद उचलल्यानंतर होते.

शोध जलद होतो, हेही उलटेच आहे: हॅश टेबलात, म्हणजे नावावरून नोंदीची जागा थेट काढणाऱ्या सपाट रचनेत, पूर्ण नाव ठाऊक असले की नोंद थेट हाती लागते, झाडात मुळापासून एकेक पायरी उतरावी लागते. जेबॉस कॅश या जुन्या कॅश-प्रणालीची रचना खरोखरीच झाडाची होती. तिच्या जागी २००९ मध्ये आलेल्या इन्फिनिस्पॅनने मात्र सपाट की-व्हॅल्यू (एक नाव, एक मूल्य) रचना पत्करली.

फांदी छाटण्याचा दावा अर्धा खरा आहे. खऱ्या झाडात ते जमते, पण एकच वस्तू ‘दिवाळी सवलत’ आणि ‘विक्रेता’ या दोन्ही फांद्यांवर असेल तर एक छाटून दुसरीवरची शिळी प्रत उरतेच. त्यापेक्षा मेमकॅश्ड ही दुसरी कॅश-प्रणाली वापरणाऱ्यांची जुनी युक्ती मला बरी वाटते: नावातच आवृत्तीचा क्रमांक घालावा आणि गट बाद करायचा असेल तेव्हा तो एकाने वाढवावा, जुन्या नोंदी कोणी मागत नाही, त्या मुदत संपून किंवा जागेच्या गरजेपोटी निघून जातात. किंमत एवढीच, की प्रत्येक वेळी आधी आवृत्ती वाचावी लागते.

एका वापरकर्त्याच्या सेशनसारखी (लॉगिनपासून बाहेर पडेपर्यंतच्या माहितीसारखी), एकत्रच जन्मणारी आणि मरणारी माहिती असेल, तर रेडिसचा एक ‘हॅश’, म्हणजे एकाच नावाखाली अनेक फील्ड (उपनोंदी) ठेवणारी नोंद, पुरतो आणि एका ‘डेल’मध्ये सगळा जातो, त्यातील एखाद्याच फील्डला वेगळी मुदत हवी असल्यास रेडिसची आवृत्ती ७.४ किंवा त्यापुढची लागते.